तिसऱ्या हिश्श्याचं माप

माझ्या सासऱ्यांना पाढे येतात ते आपल्यासारखे नाहीत. बे एके बे त्यांनाही येतं, पण ते त्यांना पोरकट वाटतं. त्यांना पावकी येते, निमकी येते, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी येते. दोरी वळताना, जनावरांना पेंढा टाकताना ते हे पुटपुटत असतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं की म्हातारा देवाचं नाव घेतो. पुढं एकदा नीट कान देऊन ऐकलं, तर देवाचा पत्ता नव्हता. सतरा पाव सव्वाचार चाललं होतं.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणते. चौथीपर्यंत शिकलेले. आमचं गाव शेणव्याकडचं. मालक सकाळी मोटारसायकलीनं आटगावला जातात, तिथून पुढं कामावर. घरात दिवसभर मी, मामा, आणि शाळेतून येईपर्यंत नसलेली मुलगी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. त्यामुळं भांडायला आणि बोलायला आम्हाला एकमेकांशिवाय कोणी नाही, आणि दोन्ही आम्ही भरपूर करतो.

मी नववी झालेली. माहेर सापगावचं, शाळा जवळ, डोकं बरं, आणि तरी नववीनंतर घरी बसले. का बसले ते सांगत बसत नाही, ज्याच्या त्याच्या घरी तेच कारण असतं. बत्तिसाव्या वर्षी मी सतरा नंबरचा फॉर्म भरला. शहापूरला दवाखान्यातल्या मदतनिसाचा एक कोर्स होता. त्याला दहावी लागायची. मला तो करायचाच होता. औषधांचा वास मला आवडतो, माणसं झोपून असली की मी त्यांच्याशी प्रेमानं वागते, उभी असली की तेवढं जमत नाही. मी स्वतःला दोन वेळा दिल्या होत्या. दोन वेळा बसायचं, नाही जमलं तर पुस्तकं रद्दीत आणि पुन्हा नाव काढायचं नाही. ही अट माझी मीच घातली होती आणि घरात सगळ्यांना सांगूनही ठेवली होती. असं सांगून ठेवलं की मला माघार घेता येत नाही, हा माझा स्वभाव मला माहीत आहे.

दर रविवारी शहापूरला एक बाई आम्हा बाहेरून बसणाऱ्यांना शिकवायच्या. निवृत्त शिक्षिका, बारीक आवाज, खडू मात्र जोरात दाबायच्या. पहिल्याच रविवारी त्यांनी फळ्यावर एक गोल काढला. त्याच्याबाहेर दुसरा, त्याच्याबाहेर तिसरा, मग चौथा. आतल्यात नैसर्गिक संख्या, म्हणजे एक, दोन, तीन, मोजायच्या. त्यात शून्य घातलं की पूर्ण संख्या. त्यात वजा एक, वजा दोन घातले की पूर्णांक. आणि त्याच्याबाहेर परिमेय. वर एक पूर्णांक, खाली एक पूर्णांक, खालचा शून्य नसला की झालं. मी वहीत गोल काढण्याऐवजी स्टीलचे डबे काढले, एकात एक बसणारे. बाई म्हणाल्या, हेही चालेल.

संध्याकाळी घरी येऊन मी हे सगळं मामांना सांगायचे. शिकवलेलं दुसऱ्याला सांगितलं की डोक्यात बसतं, असं बाईंनी सांगितलं होतं, आणि दुसरं म्हणून मला मामाच होते. ते ओटीवर बसायचे, मी उंबऱ्यावर. बाई मला शिकवायच्या, मी मामांना, आणि मग मामा उलट मलाच शिकवायला लागायचे.

"एक नाय," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "लाभ."

रास मापताना पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. मी म्हटलं, मामा, बोर्डाच्या पेपरात लाभ लिहिलं तर मला घरी पाठवतील. ते म्हणाले, "पाठवू दे. शकुन तरी होईल." शून्य त्यांना लगेच पटलं. मापायच्या आधी रिकामी पायली राशीवर उपडी ठेवतात, तेच शून्य. वजा संख्यांचं मला भय होतं, पण त्या त्यांनी विहिरीत उतरवल्या. काठ म्हणजे शून्य, पाणी किती पायऱ्या खाली ते वजा. वैशाखात वजा बारा, श्रावणात वजा दोन. "वजा दोन मोठा का वजा बारा?" असं मी विचारलं तर म्हणाले, "पाणी कवा वर असतं?" पुस्तकात यासाठी अर्धं पान घातलंय.

डब्यात डबा हेही त्यांना कळलं. "माझ्या घरातला माणूस गावातला हाय, गावातला तालुक्यातला हाय. पन तालुक्यातला परत्येक जन काय माझ्या घरात जेवत नाय." बाईंना मी हे सांगितलं तर त्या पुढच्या रविवारी वर्गात तेच वाक्य म्हणाल्या. नाव मात्र घेतलं नाही. मामांना सांगितल्यावर ते दोन दिवस फुगून होते, रागानं नव्हे.

अपूर्णांक आले आणि मामांना पंखच फुटले. माळ्यावरून त्यांनी सगळी मापं खाली काढली. पायली, अधोली, शेर, अच्छेर, पावशेर, छटाक. लोखंडी, कडेला गंजलेली, पण एकही पोचा नाही. दोन अधोल्यांची पायली. चार शेरांची पायली. चार पावशेरांचा शेर. चार छटाकांचा पावशेर. सगळा हिशेब निम्म्याचा आणि निम्म्याच्या निम्म्याचा. मी दशांश काढून बघायचे आणि सगळे मुकाट्यानं यायचे. अर्धा म्हणजे शून्य पूर्णांक पाच. पाव म्हणजे पंचवीस. अर्धपाव म्हणजे एकशेपंचवीस. कितीही बारीक करा, भागाकार कुठंतरी येऊन थांबायचा.

"थांबलाच पायजे," मामा म्हणायचे. "हिशेब थांबत नाय म्हंजे कुठंतरी चुकलीस. पुन्ना मापायचा."

मग एकदा मी त्यांना एक तृतीयांश विचारला. पुस्तकात होता. त्यांनी मापांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ठाम सांगितलं, "तो आकडा नाय. ती वाटनी झाली. तिसऱ्या हिश्श्याला माप कुठं हाय?" आणि खरंच नव्हतं. मी सगळी मापं उलटीपालटी करून बघितली. आमच्या घरात पाऊण होता, सव्वा होता, अडीच होता, औट म्हणजे साडेतीनसुद्धा होता. तिसरा हिस्सा नव्हता. मला ते पटलं. इतकं पटलं की बाईंनी नंतर कधीतरी फळ्यावर न संपणारे दशांश लिहिले, त्यातले एकच आकडा पुन्हापुन्हा येणारे कुठले आणि तसे न येणारे कुठले हे सांगितलं, तेव्हा मी वहीत उतरवून घेतलं आणि डोक्यात घेतलं नाही. डोक्यात मामा बसले होते.

मार्चात पेपर दिला. त्यात एक गणित होतं. एका ओळीत संख्या सारख्या फरकानं वाढत जातात, पहिली दोन, चौथी तीन, तर दहावी किती? मला येत होतं. दोनपासून तीनपर्यंत तीन पावलं, म्हणजे एक पाऊल एक भागिले तीन. मी भागायला लागले. तीन, उरला एक. तीन, उरला एक. समासात तिनांची रांग खाली खाली जायला लागली. माझ्या कानात स्पष्ट आलं, हिशेब थांबत नाय म्हंजे चुकलीस. पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेवटी शून्य पूर्णांक तेहतीस धरून पुढं गेले तर दहावी संख्या आली चार पूर्णांक सत्त्याण्णव. हे तर भलतंच काहीतरी, असं म्हणून मी सगळ्यावर आडवी रेघ मारली. सुपरवायझर बाईंनी वाकून बघितलं, पुढं गेल्या. त्यांनी बोलायचं नसतं.

जूनमध्ये निकाल लागला, तीन गुणांनी गेले. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात तीन गुण कमी.

बाईंनी प्रश्नपत्रिका समोर ठेवून एकेका गणिताला काय लिहिलं ते विचारलं. या गणितापाशी आल्यावर मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "अगं, एक तृतीयांश तसाच ठेवायचा होता. नऊ तृतीयांश म्हणजे तीन. दोन आणि तीन पाच." चार गुणांचं गणित होतं. मी म्हटलं, पण तो संपत नव्हता. त्या म्हणाल्या, न संपायला काय झालं? वर एक आहे, खाली तीन आहे, परिमेय आहे. आणखी काय पाहिजे त्याला?

मला रडू आलं नाही, संताप आला. शहापूरपासून घरापर्यंत जीपमध्ये मी कोणाकोणाला मनात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. घरी आले तर मामा ओटीवर बसलेले. मालकांचा फोन आधीच येऊन गेला होता, मामांना कळलं होतं. "कशानं गेला?" त्यांनी विचारलं. मी तोंडावर सांगणार नव्हते. पण मला खोटं बोलायला दोन क्षण लागतात आणि रागात तेवढे मिळत नाहीत. "तिसऱ्या हिश्श्यानं," मी म्हटलं.

मामा उठले. मापं एका गोणीत भरली आणि माळ्यावर टाकली. त्या वयात शिडी चढून. मी धरायला गेले तर हातानंच नको म्हणाले.

त्यानंतर संध्याकाळी ते ओटीवर बसेनासे झाले. मी पुस्तक काढलं की त्यांना गोठ्यात काम निघायचं. काही विचारलं तर म्हणायचे, "मला काय कलतं? तुज्या बाईला विचार." पावकीही ऐकू येईना. घर इतकं गप्प झालं की मुलीनं एकदा विचारलं, आबा आजारी आहेत का. लोकांना, मालकांनासुद्धा, मी सांगितलं की घाईत एक गणित खोडलं गेलं. मामांचं नाव मी कुठंच घेतलं नाही. राग कधीच उतरला होता, आणि मला त्यांची फार आठवण यायची. माणूस त्याच घरात असताना त्याची आठवण येते हे मला आधी माहीत नव्हतं. जुलैची फेरपरीक्षा भाताच्या लावणीत बुडाली. राहिली ती पुढच्या मार्चातली दुसरी आणि शेवटची वेळ.

आमचं भाताचं एक खाचर तिघा भावांत सामाईक आहे. मामा थोरले, दोघे धाकटे शेजारच्या पाड्यावर राहतात. बाकीची शेती वाटली, हे एक खाचर मात्र वाटलं नाही, का ते कोणालाच नीट सांगता येत नाही. त्यातलं भात दरवर्षी झोडून एका खळ्यावर रास करतात आणि मामा पायलीनं तिघांना मापून देतात. बाकी सगळीकडे वजनकाटा आलाय, पण या राशीला पायलीच. खळ्यावर मापायला बायकांनी बसायचं नाही, कडेला झाडू आणि गोण्या घेऊन उभं राहायचं. दहा-बारा वर्षं मी तशी उभी राहत आले होते.

त्या वर्षी मापं माळ्यावरून काढावीच लागली. मामा मापायला बसले. लाभ, दोन, तीन. थोरल्याला एक, मधल्याला एक, धाकट्याला एक. होता होता शेवटी एकच पायली भात उरलं. मग नेहमीप्रमाणं त्यांनी शेर घेतला. एका पायलीचे चार शेर. तिघांना एकेक, उरला एक. त्या शेराचे चार पावशेर. तिघांना एकेक, उरला एक. पावशेराचे चार छटाक. तिघांना एकेक, उरला एक. छटाकाच्या खाली आमच्याकडे माप नाही. शेवटचा छटाक पाखरांचा, म्हणून मामांनी तो खळ्याच्या कडेला उधळायला हात उचलला.

"थांबा," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खळ्यावर मापात बाईमाणसानं बोललेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. मला स्वतःलाही कळत होतं, पण तोंड उघडलं होतं.

"मामा, त्याच्याहून बारकं माप असतं तर?"

"तं तिघांना एकेक."

"आणि उरतं किती?"

"एक."

"त्याच्याहून बारकं असतं तर?"

त्यांचा हात वरच राहिला. मग हळूच खाली आला. मुठीतलं भात त्यांनी पाखरांना टाकलं नाही, पुन्हा मापात ओतलं. "एकच," ते म्हणाले. "कवापन एकच."

"माझ्या पेपरात तेच होत होतं. मी चुकले नव्हते. मापच कमी पडत होतं."

धाकटे सासरे म्हणाले, सूनबाईचं काय चाललंय. मामांनी तो छटाक शेवटी उधळला, गोण्या शिवल्या गेल्या, सगळे आपापल्या घरी गेले. मामा चहालाही आत आले नाहीत, रिकाम्या खळ्यावरच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तेलाचा रिकामा डबा घेऊन अंगणात बसले होते, पत्रा कापायची कात्री आणि कानस घेऊन. भातानं डबा भरायचा, हातानं वरून सपाट करायचा, पायलीत ओतायचा. तीनदा. तिसऱ्यांदा पायली भरून सांडलं. मग डब्याची कड कापायची, पुन्हा तीनदा. एक डबा जास्त कापला गेला, तो फेकून दिला. दुसरा घेतला. यावेळी कात्री नाही, फक्त कानस. घास, भर, सपाट कर, ओत. मी मधे मधे येऊन बघत होते आणि काहीही बोलत नव्हते, जे मला फार अवघड गेलं.

जेवायची वेळ टळून गेल्यावर त्यांनी हाक मारली. "इकडं ये गो."

लाभ. दोन. तीन. पायली काठोकाठ भरली. वर हात फिरवला तर एक दाणा पडला नाही, एक कमी नव्हता.

"संपला," ते म्हणाले. "हा आकडा हाय गो. आमच्याकडंच त्याचा माप नव्हता." आणि मग, डब्याकडे बघतच, "मी उगाच तुला..." एवढंच बोलले. मी म्हटलं, मामा, जेवून घ्या, भात गार झाला. दुसरं काही सुचलंच नाही. आत आल्यावर मात्र मी चुलीपाशी पोटभर रडून घेतलं, जूनपासूनचं सगळं.

त्या संध्याकाळी ते ओटीवर येऊन बसले. बाईंनी सांगितलेली व्याख्या मी पुन्हा वाचली. वर पूर्णांक, खाली पूर्णांक, खालचा शून्य नको. "शून्य का नको?" त्यांनी विचारलं. मी पुस्तकात शोधत होते तोवर त्यांनीच उत्तर दिलं. "एकपन वाटेकरी नाय, तं मापायला बसायचा कशाला?" सातवा हिस्सा त्यांनी स्वतःहून काढायला लावला. भागाकार सहा आकड्यांनंतर पुन्हा पहिल्यावर आला तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की मुलीला बोलावून तिलाही दाखवला. मग दोनाचं वर्गमूळ आलं, जे ना थांबतं ना पुन्हा पहिल्यावर येतं, आणि ज्याला वर एक खाली एक असं काहीच लिहिता येत नाही. मी म्हटलं, याला खरंच माप नाही मामा, हे परिमेयच्या डब्याबाहेरचं. त्यांनी बराच विचार केला. "पन हाय ना तो?" आहे, मी म्हटलं. चौरसाचा कर्ण आहे, मोजून दाखवते. "मंग झाला. माप नाय म्हून नाय म्हनायचा नाय."

मार्चात पुन्हा बसले. पेपरात यावेळी उत्तर आलं पाच सप्तमांश. मी ते भागलंच नाही. तसंच ठेवलं, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या गणिताला गेले.

निकालाच्या दिवशी मालकांनी घरीच मोबाइलवर बघितला. पास. गणितात पन्नासच्या वर. मुलगी उड्या मारायला लागली. मामा घरात नव्हते, बांधावर राब भाजायला, म्हणजे पेरणीआधी जमिनीवर पालापाचोळा जाळायला, गेले होते. मी चप्पल न घालताच तिकडं गेले. ते लांबूनच उभे राहिले. मी काही सांगायच्या आत माझ्या चालण्यावरून त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि पुसतच राहिले.

"झालं मामा," मी म्हटलं.

"बरा झाला." त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "तू मागच्या साली नापास कशी झालीस, तो कोनाला सांगितलास का?"

"नाय."

"माझ्या भावांना पन?"

"कोणालाच नाय."

"आता सांग," ते म्हणाले. "आता चालंल."

संध्याकाळी दोघे धाकटे सासरे पेढे खायला आले. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या पेपरातल्या गणितापासून. मामा मधे बसून मान खाली घालून ऐकत होते. जिथं जिथं मी त्यांची चूक जरा लहान करून सांगितली, तिथं तिथं त्यांनी मला थांबवलं आणि ती होती तेवढी सांगायला लावली.